शाळेचा आराखडा वस्तीला विचारूनच!

बोदवडच्या परिसरात कापूस वेचणी सुरू झाली की पटावरची काही मुले वर्गात दिसेनाशी होतात. मग ठरलेला शेरा येतो, ‘या पालकांना शिक्षणाची कदरच नाही.’ हा शेरा खोटा आहे. त्याला आम्ही इतिहासानेच उत्तर देतो.

1882 मध्ये महात्मा फुल्यांनी हंटर आयोगापुढे हिशेब मांडला : सारा भरतो शेतकरी आणि शिकतात वरच्या जातींची मुले. बारा वर्षांपर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करा, ही त्यांची मागणी होती. 12 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात दाखवून दिले की, शाळेत जाणाऱ्या 100 मुलांपैकी केवळ 18 चौथीपर्यंत पोहोचतात. त्यांनी बोट ठेवले ते सरकारच्या तुटपुंज्या खर्चावर. आईबापांना त्यांनी दोष दिला नाही.

ते नुसते बोलून थांबले नाहीत. 1924 मध्ये बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली आणि 1925 च्या जानेवारीत तिने सोलापूरला वसतिगृह उघडले. मूल शाळेत टिकायचे तर जेवण, कपडे, वह्यापुस्तके आणि राहायला जागा हवी, हे समाजाने स्वतः ओळखले होते. नगरपालिकेचे अनुदान मिळवले, पण पुढाकार समाजाचाच होता.

आज तो अधिकार कायद्यात आहे. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान 75 टक्के सदस्य पालक आणि एकूण 50 टक्के महिला हव्यात. वंचित घटकांतील पालकांना प्रमाणात प्रतिनिधित्व हवे. शाळा विकास आराखडा याच समितीने करायचा आहे. पण बैठक भरते भरदुपारी, म्हणजे माय कापसाच्या शेतात असते तेव्हा! नंतर वहीवर तिचा अंगठा घेतला जातो. याला सहभाग म्हणायचे का? रोज बुडवून ती आली नाही, तर दोष तिचा की वेळ ठरवणाऱ्याचा?

म्हणून तरुण मित्रांनो, आपल्या गावच्या समितीची यादी मागा. बैठक संध्याकाळी आणि वस्तीत घ्यायला लावा. कोणते मूल का गळते, हे त्याच्या आईच्या तोंडून आराखड्यात लिहिले गेले पाहिजे. स्थलांतरित कुटुंबांच्या मुलांसाठी हंगामी वसतिगृह, रखडलेली शिष्यवृत्ती, जातीचा दाखला हे सगळे त्यात यायला हवे. इतिवृत्त सर्वांसमोर वाचल्याशिवाय सही नाही!

‘शिका’ हा आदेश एकट्या मुलाला नव्हता. तो अख्ख्या वस्तीला होता.

जय भीम!