थेंबाथेंबाची कॉफी आणि मोख्याचा बाजार

शहागंजच्या चौकात उभे राहिले की घड्याळाचा मनोरा, मशिदीच्या जोत्याखालची दुकाने, फळांच्या हातगाड्या आणि चहाच्या पेल्यांचा किणकिणाट हे सारे एकदमच अंगावर येते. येथे राज्य चहाचे. कॉफी मागणाऱ्याकडे लोक पाहुणा म्हणून बघतात. तरीही कॉफीशी इतका विलक्षण ऋणानुबंध असलेले दुसरे गाव महाराष्ट्रात दाखवता येणार नाही, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी एका काचेच्या यंत्राकडे वळावे लागेल.

गेल्या उन्हाळ्यात माझी पुतणी बंगळूरहून आली, ती हे यंत्र घेऊन. लाकडी चौकटीत एकावर एक तीन पात्रे. वरच्यात थंड पाणी आणि बर्फ, मधल्या नळीत दळलेली कॉफी, खाली सुरईच्या घाटाचे भांडे. वरच्या पात्राची तोटी इतकी बारीक सोडायची की मिनिटाला सुमारे ४० थेंब पडावेत. ५० ग्रॅम कॉफीला अर्धा लिटर पाणी. वीस थेंबांचा एक मिलिलिटर धरला, तर मिनिटाला दोन मिलिलिटर; म्हणजे सगळे पाणी उतरायला चार तासांहून अधिक. त्यातले शंभरएक मिलिलिटर कॉफीचा चोथाच पिऊन टाकतो. घरातली मुले पहिला अर्धा तास थेंब मोजत बसली, मग कंटाळून पतंगाच्या मागे गेली.

वाटते तितके हे काम सोपे नाही. कॉफी रव्यासारखी दळायची, पिठासारखी नव्हे. पीठ झाले की पाणी तुंबते. ती आधी जराशी ओलावून तिच्यावर कागदाची चकती ठेवायची, नाहीतर थेंब एकाच जागी पडून खड्डा करतो आणि बाकीची कॉफी कोरडी राहते. आणखी एक गंमत अशी, की वरचे पाणी कमी झाले की त्याचा दाबही घटतो आणि थेंब मंदावतात. तेव्हा तोटी पुन्हा जराशी सैल करावी लागते. उकळते पाणी कॉफीतला कडवटपणा आणि आंबटपणा घाईने ओढून घेते. थंड पाण्याला तेवढा जोर नसतो. म्हणून हा अर्क गोडसर, मऊ उतरतो.

तो साठवण्याची रीत मात्र गृहिणींनी लक्षात ठेवावी. यात विस्तवाचा संबंध कोठेच नाही, म्हणजे पाण्यातले जंतू मरत नाहीत. पाणी आधी उकळून निववलेले हवे, बर्फही त्याच पाण्याचा. बाटली काचेची, धुऊन कोरडी केलेली, घट्ट झाकणाची. अर्क उतरला की लगेच फ्रीजमध्ये. आपल्याकडच्या चाळीस अंशांच्या उन्हाळ्यात ओट्यावर विसरायचा नाही. एका रात्रीने त्याची चव अधिक मुरते. पुढे आठवडाभरात संपवावा. दूध घालायचे ते पेल्यात, बाटलीत कधीही नाही.

"काका, हिला डच कॉफी म्हणतात," असे पुतणी सांगू लागली, आणि माझे कान टवकारले.

हे नाव जपानातले. विसाव्या शतकाच्या मध्याला क्योटोच्या कॉफीगृहांत काचेचे असे मनोरे मिरवू लागले, आणि त्यांच्याबरोबर एक कथाही. जावा बेटावरून निघालेले डच खलाशी कॉफी थंड पाण्यात उतरवून घेत, म्हणजे जहाजावर विस्तव नको आणि कॉफी टिकतेही. कथा चांगली आहे, पण डोलणाऱ्या जहाजावर थेंबांचे यंत्र कसे चालणार? दुसरी कथा सांगते, की जावाच्या रोबस्टा कॉफीचा कडवटपणा मोडण्यासाठी ही युक्ती निघाली. तर रोबस्टा जावात गेली ती १९०० च्या सुमारास! जावाची मूळ रोपेही डचांनी १६९६ मध्ये नेली ती आपल्या मलबारातून. ती बुडाली म्हणून १६९९ मध्ये पुन्हा नेली. एवढे असून नाव मात्र डचांचे.

तरीपण या नावाचा एक धागा खराच आहे, आणि तो धरून गेले की माणूस आमच्या गावाच्या वेशीशी येऊन उभा राहतो.

पीटर व्हान डेन ब्रुके हा डच व्यापारी येमेनच्या मोखा बंदरात उतरला. तेथे त्याने एक काळे, ऊन ऊन पेय चाखले आणि त्याची नोंद करून ठेवली. १६१६ मध्ये मोख्याहून कॉफीची रोपे ॲम्स्टरडॅमला गेली, त्याचे श्रेय त्यालाच देतात. कॉफी तोवर अरबस्तानात चांगली रुळली होती. पंधराव्या शतकात येमेनचे सूफी रात्रीच्या जपासाठी ती पीत. १५११ मध्ये मक्केत तिच्यावर बंदी आली आणि टिकली नाही. बियांना अरबीत 'बुन्न' म्हणतात. त्यावरून आपले जुने लोक कॉफीच्या दाण्यांना बुंद म्हणत. (हिंदीतल्या 'बूंद'शी, म्हणजे थेंबाशी, त्याचे काही नाते नाही, या लेखाच्या सोयीसाठी असते तर बरे झाले असते.)

पुढच्याच वर्षी, १६१७ मध्ये, या व्यापाऱ्याचे जहाज गुजरातच्या किनाऱ्याला फुटले. आपली माणसे घेऊन तो खुष्कीच्या मार्गाने मच्छलीपट्टणकडे निघाला. वाट दख्खनमधून होती, आणि दख्खनमध्ये तेव्हा निजामशाहीची सूत्रे ज्याच्या हाती होती, त्या पुरुषाची त्याने छावणीत भेट घेतली. उंच, धिप्पाड, कठोर चेहऱ्याचा हबशी, असे वर्णन त्याने लिहून ठेवले आहे. तो मलिक अंबर. १६१० मध्ये खडकी वसवणारा, म्हणजे आमच्या शहराचा जनक.

या भेटीत मला राहून राहून एक गोष्ट दिसते. मलिक अंबरचा जन्म १५४८ च्या सुमाराचा, हबसाणातला. म्हणजे आजच्या इथिओपियातला, कॉफीच्या झाडाच्या मूळ देशातला. त्याचे लहानपणचे नाव चापू. हे नावही आपल्याला कळते ते याच डच व्यापाऱ्याच्या लिहिण्यातून. आणि तो हेही लिहितो, की हा मुलगा गुलाम म्हणून विकला गेला, तो मोख्यात. तेथून बगदाद; तेथे मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याने त्याला लिहायला-वाचायला शिकवले आणि अंबर हे नाव दिले. मग दख्खन, आणि निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याची चाकरी.

एका बाजूला मोख्यात खरेदी करणारा, दुसऱ्या बाजूला मोख्यात विकला गेलेला. त्या बंदरात कॉफीही मोजली जाई आणि माणसेही. समोर बसलेला सेनापती कधीकाळी त्याच बाजारातला माल होता, हे त्या व्यापाऱ्याने ज्या सहजतेने टिपले आहे, ती सहजता आज वाचताना बोचते. भेटीच्या वेळी अंबर सत्तरीकडे झुकलेला होता. जहांगीर बादशहा त्याच्या नावाने बोटे मोडत होता, आणि शहाजादा खुर्रम त्याच्यावर चालून आला होता. मौज अशी, की याच काळात जहांगीराच्या छावणीत असलेला एडवर्ड टेरी हा इंग्रज पाद्री लिहितो, की येथले धर्मनिष्ठ लोक मद्याऐवजी काळ्या बियांचे पाणी पितात. रुचीपेक्षा त्यात गुणच अधिक, असा त्याचा शेरा.

पुढे एका पेयाला व्यापाऱ्याच्या देशाचे नाव मिळाले. अंबरच्या गावाचे नाव मात्र तीन वेळा पालटले. खडकीचे त्याच्या मुलाने, फतेहखानाने, १६२६ मध्ये फतेहनगर केले. १६५३ मध्ये औरंगाबाद झाले. २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर.

पाणी मात्र त्याचेच राहिले. डच व्यापारी भेटला, त्याच सुमारास अंबरने नहर खोदायला घेतली होती. हर्सूलच्या बाजूला जमिनीखाली त्याने एक लांब बोगदा काढला. डोंगरउताराचे पाणी मातीतून झिरपून त्यात थेंबाथेंबाने जमे, आणि केवळ उताराच्या बळावर, मोटेशिवाय आणि रहाटाशिवाय, खापरी नळांतून गावात येई. वाटेत हवा सुटावी व गाळ काढता यावा म्हणून ठिकठिकाणी तोंडे ठेवलेली. अंबर १६२६ मध्ये गेला. खुलताबादला त्याची कबर आहे. पुढे १७२० च्या सुमारास शहागंजची मशीद उठली, तेव्हा तिच्या अंगणात दोन मोठे हौद बांधले गेले. मोख्यात विकल्या गेलेल्या त्या पोराच्या नहरीचे पाणी त्या हौदांत पडू लागले.