रेंजरसाहेब होण्याची पात्रता

पुण्याच्या पेठांतल्या कुठल्याही अभ्यासिकेत जा आणि वनसेवेची तयारी करणाऱ्या मुलाला विचारा, वनक्षेत्रपाल व्हायला काय लागते? उत्तर तोंडपाठ असते. विज्ञान, कृषी, अभियांत्रिकी अशा शाखेची पदवी, लोकसेवा आयोगाची पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा, मुलाखत, आणि शेवटी चार तासांत २५ किलोमीटर चालणे, मुलींना १४. उत्तर बरोबर आहे. पण या बरोबर उत्तराच्या आधाराने एक मत रुजले आहे आणि ते मला मुळीच मान्य नाही. ते मत असे, की खरी पात्रता हीच. वनरक्षक, वनपाल अशा पायऱ्या चढून जो रेंजर होतो तो ‘प्रमोटी’, म्हणजे जागा रिकामी राहू नये म्हणून केलेली तडजोड. क्लासमध्ये हे बोलले जाते, खात्यातही बोलले जाते, आणि ज्यांच्याबद्दल बोलले जाते त्यांनीही ते बऱ्याचदा मुकाट्याने मान्य केलेले असते. मला सर्वात जास्त खटकते ते हे शेवटचे.

आधी कामाकडे पाहू. वनखात्याची उतरंड साधी आहे. वनरक्षकाकडे नियतक्षेत्र, म्हणजे बीट. काही बीटांचे मिळून परिमंडळ, त्यावर वनपाल. काही परिमंडळांचे मिळून परिक्षेत्र, म्हणजे रेंज, आणि त्यावर वनक्षेत्रपाल. त्याच्या वरचे सहायक वनसंरक्षक, उपवनसंरक्षक हे बहुतेक वेळ कार्यालयातून कारभार पाहतात. जंगलात रोज उभ्या असणाऱ्या माणसांवर थेट देखरेख ठेवणारा शेवटचा अधिकारी रेंजर. रोपवनाचा खर्च त्याच्या सहीने, वनमजुरांची हजेरी त्याच्या तपासणीने, शिकारीच्या गुन्ह्याचा तपास त्याच्या हाताखाली. बिबट्या विहिरीत पडला की गावकरी फोन करतात तोही त्यालाच. तो झाडे लावत नाही, गस्तही रोज घालत नाही. तो इतरांकडून ते करवून घेतो आणि झाले की नाही ते पाहतो. त्याची खरी नोकरी पर्यवेक्षणाची आहे, आणि त्या कामाची पात्रता परीक्षेत कुठे मोजली जाते, हा माझा प्रश्न आहे.

पूर्वपक्ष दुबळा करून मांडायचा आणि मग तो पाडायचा, हा मार्ग मला घ्यायचा नाही. त्याची बाजू भक्कम आहे. परीक्षा कुणाची ओळख विचारत नाही. बढतीत सेवाज्येष्ठता चालते, गोपनीय अहवाल चालतो, आणि साहेबांची मर्जीही चालते. दुसरे, वीस वर्षे एकाच भागात काढलेला वनपाल गावाशी, सोयऱ्याधायऱ्यांशी, कंत्राटदारांशी बांधला गेलेला असतो, नवा अधिकारी मोकळा असतो. तिसरे, आजचे जंगल उपग्रहावर, कॅमेरा ट्रॅपवर, मोबाइल ॲपवर चालते, तिथे शिकलेलाच माणूस हवा. आणि चौथे, सर्वात वजनदार: कायदा. वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ खाली आरोपीचा जबाब पुरावा म्हणून टिकायचा असेल, तर तो कलम ५० च्या तरतुदीप्रमाणे सहायक वनसंरक्षकाच्या दर्जाच्या किंवा त्याहून वरच्या अधिकाऱ्यासमोर व्हावा लागतो. हे ठाऊक नसलेला रेंजर रात्रभर बसून स्वतःच जबाब लिहून घेतो, आणि पुढे न्यायालयात त्या कागदाला किंमत राहत नाही. पकडलेला शिकारी सुटतो. हा शेवटचा मुद्दा मी जसाच्या तसा मान्य करतो आणि त्याकडे पुन्हा येतो.

आता उत्तर.

पर्यवेक्षण म्हणजे दुसऱ्याने केलेले किंवा न केलेले काम पाहून ओळखता येणे. जे काम आपण कधी केले नाही, ते ओळखायचे कसे? एक साधी गोष्ट घ्या, थुटाची. झाड चोरीला गेले की मागे बुंध्याचा जो भाग उरतो, त्याला खात्यात थुट म्हणतात. वनरक्षक ते शोधतो, टेपने गोलाई मोजतो, नोंद करतो, गुन्हा दाखल करतो. कसलेला वनरक्षक थुटाशेजारी बसून आधी भुसा पाहतो, तो ओला की वाळलेला. कापावर बोट फिरवतो. मग आजूबाजूचा पाला उचकटतो, कारण चोर थुटावर माती आणि पाला पसरून जातो. एवढे करून तो सांगतो, हे कालचे नाही, आठवडा झाला. ज्याने आयुष्यात दोन-चारशे थुटे अशी पाहिली आहेत, तो रेंजर झाल्यावर बीटाची दैनंदिनी वाचतानाच थबकतो. या कक्षात दोन तासांत गस्त झाली म्हणता, पण मधला नाला श्रावणात उतरता तरी येतो का? हा प्रश्न नकाशा पाहून सुचत नाही. तो नाला कमरेएवढ्या पाण्यातून ओलांडलेल्यालाच सुचतो. खालचा माणूस वरच्याला फसवतो तो नेमका अशा ठिकाणी, आणि प्रामाणिक वनरक्षकाच्या कष्टाची कदर होत नाही तीही अशाच ठिकाणी. न पाहिलेल्या साहेबाला दोन्ही दैनंदिन्या सारख्याच दिसतात.

भंडारा जिल्ह्यातल्या एका परिक्षेत्रात मी एकदा मार्चअखेरीला वणवा पाहिला. महाराष्ट्रात १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वणव्याचा हंगाम धरतात, जाळरेषा त्याआधी साफ झालेल्या असाव्या लागतात. दुपारचे तीन वाजले होते. आग टेकडीच्या पायथ्याला होती आणि नवे अधिकारी, मनाने खरोखर चांगले, घाईने मजुरांना वरच्या धारेवर चढवायला निघाले होते, वरून आग अडवू म्हणून. पन्नाशीचा वनपाल पुढे झाला. म्हणाला, “थांबा न साहेब. आता पोट्टे वर नका चढवू. आग चढनारच हाय. सूर्य उतरू द्या, वारा पलटते.” दिवसा तापलेल्या उतारावर वारा वर चढतो आणि आग त्याच्याबरोबर धावते, चढावर तर सपाटीपेक्षा कितीतरी वेगाने. सूर्य कलला की हवा थंड होऊन खाली उतरू लागते. पाच-सहा जणांना त्याने जुन्या बैलवाटेवरचा पाला झाडायला लावले आणि संध्याकाळी त्या वाटेवरून समोरासमोर जाळ लावून आग आगीला भिडवली. रात्री नऊपर्यंत सगळे विझले. साहेबांनी ऐकले, हा त्यांचा मोठेपणा. पण ते ऐकणारे नसते तर? आग विझवण्याचा हुकूम ज्याच्या हातात होता त्याला वारा माहीत नव्हता, आणि ज्याला वारा माहीत होता त्याच्या हातात हुकूम नव्हता. आपली पद्धत हीच रचना योग्य मानते, हा माझा आक्षेप आहे.

तंत्रज्ञानाचा मुद्दा म्हणूनच फारसा टिकत नाही. उपग्रहाचा आगीचा इशारा आता थेट बीटाच्या मोबाइलवर येतो, उत्तमच आहे. पण त्यातल्या चांगल्या संवेदकाचा एक ठिपका सुमारे ३७५ मीटरचा असतो. ठिपक्यापर्यंत कुठल्या नाल्याने जायचे आणि वारा कुणीकडे आहे, हे उपग्रह सांगत नाही. शिवाय गस्तीचे ॲप वापरतो कोण? वनरक्षकच. वाघांच्या गणनेसाठी ठरलेल्या रेषेवर पायी चालून ठसे, विष्ठा, ओरखडे नोंदवतो कोण? तोच, आणि आता अनेक ठिकाणी ती. २० नोव्हेंबर २०२१ रोजी ताडोबाच्या कोलारा भागात अशीच पायी पाहणी करणाऱ्या एका महिला वनरक्षकाला वाघिणीने ठार केले. बरोबर तीन मदतनीस होते. हे वाचताना पहिल्यांदा मनात आले ते असे, की अशा पाहणीचा आदेश काढणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने निदान एक हंगाम ती रेषा स्वतः चाललेली असावी. शिक्षा म्हणून नव्हे, आदेशाचे वजन कळावे म्हणून.

गावाशी बांधला गेलेला माणूस वाईट रेंजर होतो, हे मत तर मला उलटे वाटते. भ्रष्टाचार होतो, नाकारत नाही, पण त्याला बदली आणि चौकशी हे उपाय आहेत, आणि परीक्षेतून आलेला त्यातून आपोआप सुटतो असेही नाही. उलट गाव न कळण्याची किंमत मोठी असते. वनहक्क कायदा २००६ चा, त्यात बांबू गौण वनोपज म्हणून स्पष्ट लिहिलेला. तरी गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळूनही आपल्याच बांबूच्या वाहतुकीचे पास-पुस्तक हातात यायला एप्रिल २०११ उजाडले. मधला काळ बांबू झाड की गवत या वादात गेला, कारण १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाने त्याला झाडांत बसवले होते. ती व्याख्या २०१७ मध्ये बदलली. खात्याला कायद्याची पोथी येत होती, समोरच्या ग्रामसभेशी बोलणे येत नव्हते. अशा वेळी गावाची भाषा, देवराई, मोहाचा हंगाम जाणणारा वनपाल रेंजरच्या खुर्चीत असणे हा दोष कसा?

कुणी म्हणेल, मी शिक्षणाच्या विरोधात आहे. तसे नाही, आणि याचे उदाहरण खात्याच्या मुळाशीच आहे. १८६४ मध्ये भारताचे पहिले वन महानिरीक्षक झालेले डीट्रिच ब्रँडिस हे वनस्पतिशास्त्राचे पंडित, जर्मनीतल्या बॉनच्या विद्यापीठात शिकवलेले. पण त्याआधी, १८५६ मध्ये, पेगूच्या जंगलात सागाची मोजणी करायची होती तेव्हा ते स्वतः हत्तीवर बसून रानातून गेले आणि जाडीप्रमाणे झाडांचे वर्ग पाडून लाकडाच्या तुकड्यांवर चाकूने खाचा करत गेले. पदवी होती म्हणून रानात फिरण्यातून सूट मिळाली नाही. आणि आपले मारुती चितमपल्ली? प्रशिक्षण कोइमतूरच्या वनमहाविद्यालयातले, पण पक्ष्यांची, झाडांची, प्राण्यांची शेकडो देशी नावे त्यांनी कुणाकडून वेचली, हे त्यांचे वाचक जाणतात. नवेगावच्या माधवराव पाटलांकडून, गोंडांकडून, ढीवरांकडून. वनाधिकारी असताना हाताखालच्या माणसाकडून शिकायला त्यांना कमीपणा वाटला नाही. जून २०२५ मध्ये ते गेले तेव्हा साऱ्या महाराष्ट्राने त्यांना अरण्यऋषी म्हटले, पण त्यांच्या त्या गुरूंपैकी कुणाला खात्याच्या कुठल्या पात्रतेत बसवता येईल का, हे कुणी विचारले नाही.

अमेरिकेचे उदाहरण इथे खरोखर उपयोगी आहे. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांत पर्यवेक्षक रेंजरच्या वरच्या श्रेणींसाठी संघराज्य सरकारची जाहिरात निघते तेव्हा उमेदवाराला लगतच्या खालच्या श्रेणीच्या तोडीचा किमान एक वर्षाचा विशेष अनुभव दाखवावा लागतो, आणि अर्जात कुठले काम, कुठल्या तारखेपासून, आठवड्याला किती तास, हे लिहावे लागते. याहून मोलाचा मला दुसरा नियम वाटतो. पहिल्यांदाच पर्यवेक्षक होणाऱ्याला वेगळा परिविक्षाकाळ असतो. देखरेख जमली नाही तर माणसाची नोकरी जात नाही, तो आधीच्या दर्जाच्या कामावर परत जातो. म्हणजे काम चांगले करणे आणि काम चांगले करवून घेणे या दोन वेगळ्या पात्रता आहेत, हे नियमातच मान्य केले आहे. तिथेही सगळे आलबेल नाही. उमेदवाराने प्रश्नावलीत स्वतःलाच ‘तज्ज्ञ’ म्हणून खूण करायची आणि त्यावर यादी लागायची, हा प्रकार इतका बोकाळला की त्याला आळा घालायला डिसेंबर २०२४ मध्ये कायदा करावा लागला. यातून मी घेतो ते एवढेच: अनुभव नुसता मोजून चालत नाही, तो तपासावा लागतो. म्हणून केवळ सेवेची वर्षे भरली म्हणून दिलेल्या बढतीचाही मी कैवारी नाही. पंचवीस वर्षे नोकरी केलेला आणि एकच वर्ष पंचवीस वेळा जगलेला, असे दोन्ही वनपाल खात्यात आहेत.

कायद्याचा मुद्दा मान्य केला तो इथे उपयोगी पडतो. जबाब कुणासमोर, पंचनामा कुठे बसून लिहायचा, जप्तीची खबर न्यायदंडाधिकाऱ्याला केव्हा, हे सारे शिकवता येते. काही महिन्यांत येते, चांगल्या शिक्षकाकडून लवकर येते. चंद्रपूरची आणि सांगलीजवळच्या कुंडलची प्रबोधिनी त्यासाठीच आहे. वारा, थुट, नाला आणि गाव मात्र वर्गात शिकवता येत नाही. जे शिकवता येते त्याच्या अभावी माणसाला अपात्र ठरवायचे, आणि जे शिकवता येत नाही त्याच्या अभावाकडे काणाडोळा करायचा, हा प्रचलित मताचा मूळ दोष आहे.

म्हणून शासनाकडे मागणी दोनच. सरळसेवेने निवडलेल्या प्रत्येक वनक्षेत्रपालाला परिक्षेत्र देण्याआधी एक पूर्ण वर्ष एका नियतक्षेत्राचा स्वतंत्र कार्यभार द्या, पाहुणा म्हणून नव्हे, जबाबदार वनरक्षक म्हणून, आणि त्या वर्षात पावसाळा आणि वणव्याचा हंगाम दोन्ही येऊ द्या. आणि बढतीच्या यादीतल्या प्रत्येक वनपालाला खुर्चीवर बसवण्याआधी कायद्याचे आणि लेख्यांचे पूर्ण प्रशिक्षण देऊन त्याची परीक्षा घ्या. पुढचा हंगाम १५ फेब्रुवारीला सुरू होतो, त्याआधी निदान पहिला आदेश निघावा.