पाटीवर नाव कोणाचे?

दसऱ्याला आपण पाटी पुजतो आणि दिवाळीला वही. पाटीवर सरस्वती काढायची ती मुलांच्या हाताने. वहीच्या पहिल्या पानावर ‘श्री’ काढायची ती दुकानदाराच्या हाताने. दोन सणांत अंतर अवघ्या वीस दिवसांचे. तरीही लक्ष्मी आणि सरस्वती एका घरात नांदत नाहीत, अशी समजूत आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. हा जुना तंटा आता घरोघरच्या फोनमध्ये येऊन बसला आहे.

कोणी गृहिणी घरच्या चकल्या-अनारसे विकते, कोणी भजनाची चाल शिकवतो, कोणी मुलगी मातीच्या पणत्या रंगवून दाखवते. यांपैकी कोणीही इन्स्टाग्रामवर साधे खाते सोडून पुढची पायरी चढू लागले, की प्रश्न उभा राहतो : खाते ‘बिझनेस’ हवे की ‘क्रिएटर’? म्हणजे सरळ मराठीत, आपण दुकानदार की कलावंत? बोटाने एक दाबायचे आणि मोकळे व्हायचे, इतकी ही गोष्ट सोपी दिसते. परंतु या प्रश्नापुढे भलेभले अडखळलेले आहेत, आणि तेही फोन जन्माला येण्याच्या कितीतरी आधी.

प्रथम या दोन खात्यांची जन्मकथा पाहू. इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले तेव्हा तेथे असला भेदाभेद नव्हता. छायाचित्र काढावे, चारचौघांना दाखवावे, एवढाच मामला होता. २०१२ साली फेसबुकने ही संस्था सुमारे एक अब्ज डॉलरला विकत घेण्याचे ठरवले, पुढच्याच वर्षी तेथे जाहिराती झळकू लागल्या, आणि २०१६ साली दुकानदारांसाठी निराळे खाते आले. त्यात गिऱ्हाइकाला फोन करण्याची सोय होती, दुकानाचा पत्ता होता, आणि मुख्य म्हणजे हिशेब होता : आपले चित्र किती जणांनी पाहिले, ते कोणत्या गावचे, कोणत्या वयाचे.

या हिशेबापायी एक गंमत घडली. गाणारे, नाचणारे, लिहिणारे यांनाही आपले श्रोते कोण हे जाणून घ्यायचे होते. परंतु आकडे मिळत ते दुकानदारालाच. तेव्हा ही मंडळीही दुकानाची पाटी लावून बसली. विकायला काही नाही, पण गल्ला मांडलेला! हे अवघडलेपण कंपनीच्याही ध्यानात आले. २०१८ च्या अखेरीस काही निवडक लोकांवर प्रयोग झाला आणि २०१९ मध्ये क्रिएटर खाते सर्वांना खुले झाले.

या ‘क्रिएटर’ला मराठीत काय म्हणावे? शब्दकोश सांगेल, ‘निर्माता’. पण आपल्या बोलीत निर्माता म्हणजे नाटक-सिनेमाला पैसा पुरवणारा, म्हणजे शेटजीच! एकाच शब्दात लक्ष्मी आणि सरस्वती यांनी अशी सरमिसळ करून ठेवली आहे. म्हणून आपण येथे ‘कलावंत’ म्हणू आणि पुढे जाऊ.

आता या दोन खात्यांत फरक तो किती? खरे सांगायचे तर साम्यच अधिक. दोन्ही फुकट, दोन्हींत आकडे दिसतात, दोन्हींतून जाहिरात करता येते, आणि दोन्हींना दार लावून घेण्याची मुभा नाही. साधे खाते ओळखीच्यांपुरते राखता येते, ही दोन्ही सदा उघडी. ठळक भेद आहे तो गाण्यांचा. लोकप्रिय गाणी वापरण्याचा जो परवाना कंपनीने मिळवलेला असतो, तो धंद्यासाठी नसतो. म्हणून दुकानदाराच्या खात्याला सिनेमाची पुष्कळशी गाणी मिळत नाहीत. धंद्यासाठी मोकळ्या ठेवलेल्या संगीतावर त्याला भागवावे लागते. कलावंताच्या खात्याला ही गाणी पुष्कळ अंशी खुली असतात. मात्र कलावंताची पाटी लावून त्याच गाण्यावर कोणी माल विकू लागला, तर हक्काचा प्रश्न सुटत नाही, तो फक्त झाकला जातो. अमुक खाते घेतले की चित्र अधिक लोकांपर्यंत जाते, अशीही एक वदंता आहे. कंपनीने ती नाकारलेली आहे.

म्हणजे निवड सोयींवरून करावी, तर सोयींत फारसे अंतर नाही. मग ती करावी कशावरून? येथे फोन बाजूला ठेवून थोडे मागे जाऊ.

राजा रविवर्मा हे आपल्या काळचे थोर चित्रकार. त्यांच्या तैलचित्रांना राजेरजवाड्यांची मागणी होती. परंतु एक चित्र एकाच भिंतीवर लागते. ते घरोघरी जावे, या हेतूने १८९४ साली त्यांनी मुंबईत शिळाछापाचा छापखाना काढला. यंत्रे जर्मन, कारागीरही जर्मन. प्लेगच्या दिवसांत तो लोणावळ्याजवळ मळवलीला हलला. लक्ष्मी-सरस्वतीची जी रूपे आपल्या आजी-पणजीच्या देवघरात होती, ती बहुतेक या छापखान्याच्या वाटेने आलेली. तेव्हा कलेच्या दृष्टीने छापखाना यशस्वी झाला, यात शंका नाही. पण शाई, कागद, पगार, उधारी यांचा मेळ चित्रकाराला घालता आला नाही. कर्ज चढले, आणि विसाव्या शतकाच्या आरंभीच्या वर्षांत छापखाना फ्रिट्झ श्लायशर या जर्मन तंत्रज्ञाच्या हाती गेला. पुष्कळशा चित्रांच्या छपाईचे हक्कही त्याबरोबर गेले. नव्या मालकाने व्यापार वाढवला, मालाची लेबले छापली, जाहिराती छापल्या. पाटीवर नाव मात्र रविवर्म्यांचेच राहिले. १९०६ साली चित्रकार वारले; नाव त्यानंतरही कितीतरी वर्षे धंदा करीत होते.

यातून काय दिसते? कलावंताचे नाव जेव्हा दुकानाचे नाव होते, तेव्हा ते विकता येते. आणि विकलेल्या नावाखाली पुढे काय छापले जाईल, हे कलावंताच्या हाती राहत नाही.

याच छपाईच्या धंद्यातून दादासाहेब फाळके वर आले. रविवर्मा छापखान्यासाठी त्यांनी काम केले होते, आणि १९०८ साली लोणावळ्याला स्वतःचा छापखानाही काढला होता. तेथे भागीदारांशी बिनसले आणि ते बाहेर पडले. पुढे विम्याची पॉलिसी गहाण टाकून, सरस्वतीबाईंचे दागिने मोडून त्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला आणि ३ मे १९१३ रोजी तो मुंबईच्या कॉरोनेशन थिएटरात लोकांपुढे आला. त्या वेळी कर्ता-करविता एकच होता. पैशाची विवंचना होती, पण पाटी स्वतःची होती.

१९१८ साली ‘हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी’ उभी राहिली : भांडवल भागीदारांचे, कसब फाळक्यांचे. कलावंताला विवंचनेतून सोडवण्याची ही उत्तम तोड, असे कोणालाही वाटावे. परंतु चित्राला लागेल तितका वेळ आणि खर्च हवा, हा एकाचा बाणा. खर्चाला मर्यादा आणि चित्राला मुदत हवी, हा दुसऱ्यांचा. दोघांपैकी खोटे कोणीच नव्हते. तरीही फाळके कंपनी सोडून काशीला निघून गेले आणि तेथे त्यांनी ‘रंगभूमी’ हे नाटक लिहिले. इकडे नाशिकला कंपनीचे काम त्यांच्याविना चालू राहिले. काही वर्षांनी ते परतले, त्याच कंपनीत, पण मालक म्हणून नव्हे. मालकीच्या पाटीखाली तो माणूस कधी रमलाच नाही. आणि केवळ कलेच्या पाटीवर त्याचे घरही चालेना. १९४४ साली नाशिकला त्यांनी देह ठेवला, तो विपन्नावस्थेत.

ही झाली कलावंतांची बाजू. उलट दिशेने गेलेले एक मराठी उदाहरण मोठे मनोहर आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात लोखंडी नांगर होत, उसाचे चरक होत. हा माल शेतकऱ्यांपर्यंत पोहोचावा, म्हणून १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ निघाली. आजच्या भाषेत हे अस्सल बिझनेस खाते. परंतु ती चालवणारे शंकरराव किर्लोस्कर, म्हणजे लक्ष्मणरावांचे पुतणे, मालाची विक्री पाहत असूनही हाडाचे चित्रकार आणि संपादक. वाचकाला नांगराची किंमत सांगून तो फार वेळ थांबत नाही, हे त्यांनी ओळखले. खबरीत गोष्टी आल्या, लेख आले, समाजाचे प्रश्न आले. १९२९ मध्ये ‘खबर’ हा शब्द गळाला आणि ‘किर्लोस्कर’ मासिक उरले. १९३० साली ‘स्त्री’ आले, १९३४ मध्ये ‘मनोहर’. ज्यांनी आयुष्यात नांगर धरला नाही अशा घरांतही किर्लोस्कर हे नाव आपुलकीचे झाले, आणि त्याने नांगराचे काही नुकसान झाले नाही.

हे घडू शकले, कारण तेथे दोन वह्या वेगळ्या होत्या. कारखान्याची वही कारखान्यात, संपादकाची लेखणी संपादकाच्या हाती. लक्ष्मी-सरस्वती एका घरात नांदत नाहीत म्हणतात. त्यांना स्वतंत्र खोल्या दिल्या तर मात्र नांदतात. आपल्या हातातल्या या दिवाळी अंकांचेच पाहा ना. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून आजवर साबणाच्या आणि दागिन्यांच्या जाहिरातींच्या बळावर कथा-कविता वाचकांपर्यंत येत आहेत. जाहिरात आहे हे वाचकाला दिसते, म्हणून तो रागावत नाही. भारतात २०२१ पासून जाहिरात मानक परिषदेने फोनवरच्या कलावंतांनाही हाच दंडक घातला : पैसे घेऊन एखाद्या मालाची स्तुती केली असेल, तर तसे स्पष्ट सांगावे. मग खाते कोणत्याही पाटीचे असो.

आणखी एक गोष्ट या इतिहासात नवी आहे. रविवर्म्यांचा छापखाना गेला तो विकून गेला. विकायला तो त्यांचा तरी होता. आपल्या फोनमधल्या खात्याची जागाच मुळी दुसऱ्याची. २९ जून २०२० रोजी भारत सरकारने टिकटॉकवर बंदी घातली. खेड्यापाड्यांतल्या किती शेतकऱ्यांनी, लोककलावंतांनी, गृहिणींनी तेथे आपला श्रोतृवर्ग जमवला होता! तो पाहता पाहता नाहीसा झाला. दुकानदाराचे खाते होते तेही गेले, कलावंताचे होते तेही गेले. ज्यांच्याजवळ गिऱ्हाइकांचे फोन-क्रमांक आणि स्वतःच्या कामाच्या मूळ प्रती होत्या, त्यांना दुसरीकडे बिऱ्हाड मांडणे सोपे गेले. बाकीच्यांना श्रीगणेशापासून आरंभ करावा लागला.

तेव्हा वाचकहो, आपल्या घरातली सून, लेक किंवा नातू हा प्रश्न घेऊन आला, तर त्याला एवढेच विचारावे : उद्या तू आजारी पडलास आणि तुझ्या जागी दुसऱ्या कोणी तेच काम केले, तर लोकांना चालेल काय? चकली खुसखुशीत असली की कोणी तळली हे गिऱ्हाईक विचारीत नसेल, तर दुकानाची पाटी लाव, आणि घरच्या नावापेक्षा दुकानाला निराळे नाव दे. लोक तुझ्या गळ्यासाठी, तुझ्या हातासाठी, तुझ्या बोलण्यासाठी येत असतील, तर कलावंताची पाटी लाव आणि ते नाव कोणाला लिहून देऊ नकोस. दोन्ही खरे असेल, तर दोन खाती ठेव. पाटी पुढे बदलता येते. कंपनीची तशी सोय आहे, आणि किर्लोस्करवाडीने ती शंभर वर्षांपूर्वी बदलूनही दाखवली आहे.

आणि पाटी कोणतीही लागो, घरात एक वही असू द्यावी. गिऱ्हाइकांची नावे, कामाच्या प्रती, जमाखर्च, सारे त्यात. लक्ष्मीपूजनाला ती पाटावर ठेवावी. तेवढी तरी आपल्या मालकीची असते.