खोक्यात काय आहे?

माल वाहणाऱ्या पेढीचे उत्तर ठरलेले असते : ‘आम्ही खोकी पोचवतो, आत काय आहे ते पाहणे आमचे काम नव्हे.’ अमेरिकेत या उत्तराची कसोटी लागली.

न्यूयॉर्क राज्यात सिगारेटवरील कर जबर. मूळ रहिवाशांच्या राखीव वसाहतींतील काही दुकानदार कर चुकवलेल्या सिगारेटी पार्सलने घरोघर धाडीत. २००५ साली यू.पी.एस. या बड्या वाहतूक कंपनीने राज्याला लेखी हमी दिली, की अशी पार्सले आम्ही गिऱ्हाइकांच्या घरी पोचवणार नाही. तरी खोकी जातच राहिली.

प्रश्न सोपा नव्हता. वाहतूकदाराने पार्सले तपासावीत असा कायदा मेन राज्याने केला होता; २००८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द ठरवला. पण न्यूयॉर्कच्या हाती कंपनीची सही होती. २०१५ साली राज्य व शहर दोघांनी दावा लावला. २०१७ मध्ये न्यायाधीश कॅथरीन फॉरेस्ट यांनी कंपनीला दोषी धरले. खुणा दिसत असता डोळे मिटणे म्हणजे अज्ञान नव्हे! दंड व भरपाई मिळून सुमारे २४ कोटी ७० लाख डॉलर. २०१९ मध्ये अपिलात रक्कम सुमारे ९ कोटी ७६ लाखांवर आली. जबाबदारी मात्र टळली नाही.

मी हमालांच्या संघटनेत केस पिकवले. माल चोरीचा निघाला, की पहिला हात पडतो तो पाठीवर ओझे असलेल्यावर. येथे भाडे घेणाऱ्या पेढीलाच जाब विचारला गेला. ज्याने भाडे मोजून घेतले, त्याने ‘मला ठाऊक नव्हते’ म्हणू नये.