चितारी विमानाचे वय

गोव्याच्या उत्तर टोकाला तेरेखोल आणि शापोरा या नद्यांच्या मध्ये वसलेला पेडणे तालुका आणि त्याच्या आग्नेयेस असलेला डिचोली तालुका यांच्या इतिहासात देवळे, किल्ले, देसायांची घराणी आणि लोहखनिजाच्या खाणी यांची नोंद भरपूर झालेली आहे. परंतु येथील घरांच्या माळ्यांवर आणि कोनाड्यांत टिकून राहिलेल्या लाकडी खेळण्यांकडे इतिहासाचे साधन म्हणून क्वचितच पाहिले गेले. ही खेळणी बहुतांशी शेजारच्या सावंतवाडीची, तेथील चिताऱ्यांनी, म्हणजे लाकडी वस्तूंवर रंग आणि लाख चढवण्याचा वंशपरंपरागत व्यवसाय करणाऱ्या कारागिरांनी, घडवलेली आहेत. त्यांत फळे, भातुकलीची भांडी, भोवरे, खुळखुळे आणि पांगुळगाडे आहेत, तशीच विसाव्या शतकात दाखल झालेली मोटार, आगगाडी आणि विमानही आहे. कालनिर्णयाच्या दृष्टीने यांपैकी विमान सर्वांत उपयोगी ठरते, कारण लाकडी आंब्याचा आकार शतकभर तोच राहतो, तर विमानाचा आकार प्रत्यक्ष विमानांबरोबर दर पिढीला बदलत जातो.

जुन्या खेळण्याचे वय ठरवण्याची शिस्त जगात मुख्यतः कारखान्यात तयार झालेल्या खेळण्यांवर घडली. डेन्मार्कमधील बिलुंड येथे ओले कर्क क्रिस्तियानसन या सुताराने 1932 मध्ये लाकडी खेळणी करण्यास आरंभ केला, त्याच्या उद्योगाला 1934 मध्ये लेगो हे नाव मिळाले, आणि एकमेकांत घट्ट बसणाऱ्या प्लॅस्टिकच्या विटांच्या आजच्या रचनेसाठी 28 जानेवारी 1958 रोजी पेटंटचा अर्ज दाखल झाला. पुढे 1960 मध्ये लाकडी खेळण्यांच्या विभागाला आग लागल्यानंतर या घराण्याने लाकूडकाम कायमचे सोडले. अशा विटांचा जेट विमानाचा जुना संच संग्राहकांसमोर येतो तेव्हा चर्चेला धरण्याजोगे पुष्कळ धागे असतात. खोक्यावर क्रमांक असतो, जुळणीची पुस्तिका असते, तुकड्यांची संख्या ठरलेली असते. संचात हातपाय हलणारी छोटी मानवाकृती असेल तर तो 1978 च्या आधीचा असू शकत नाही, आणि विटा वाकलेल्या असतील तर त्या 1963 पूर्वी वापरात असलेल्या सेल्युलोज ॲसिटेटच्या असण्याचा संभव असतो. वाद होतो तो पांढऱ्या विटांवर चढलेल्या पिवळेपणाविषयी. हायड्रोजन पेरॉक्साइडने तो घालवावा, असे एका पक्षाला वाटते, तर तो पिवळेपणा हाच वस्तूच्या आयुष्याचा पुरावा आहे, असे दुसरा पक्ष मानतो. चिताऱ्याच्या विमानाला खोके नसते, क्रमांक नसतो, सही नसते आणि यादीही नसते. म्हणून त्याच्या बाबतीत हाच विचार वेगळ्या पुराव्यांवर, म्हणजे प्रदेशाचा राजकीय इतिहास, व्यापाराचे मार्ग, लाकूड, रंग आणि हाताची पद्धत यांवर उभा करावा लागतो.

पेडणे आणि सावंतवाडी यांच्यामध्ये आज राज्याची सीमा आहे, परंतु पेडणे महाल अठराव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत सावंतवाडीकर सावंत-भोसल्यांच्याच राज्यात मोडत होता. डिचोली आणि सत्तरी हे महाल पोर्तुगिजांनी 1781-82 मध्ये घेतले, आणि कोल्हापूरकरांशी चाललेल्या संघर्षात मदत मिळावी म्हणून खेम सावंत तिसरे यांनी 1788 मध्ये पेडणेही त्यांच्या हवाली केले. सोळाव्या शतकात जिंकलेल्या तिसवाडी, बार्देश आणि सासष्टी या जुन्या काबिजादींपासून वेगळे ओळखले जाणारे हे प्रदेश नव्या काबिजादी म्हणून प्रसिद्ध आहेत. ते पोर्तुगिजांकडे आले तेव्हा धर्मांतराचा जुना आवेश ओसरलेला होता आणि येथील देवस्थाने व उत्सव बहुतांशी अबाधित राहिले, ही गोष्ट खेळण्यांच्या इतिहासातही महत्त्वाची आहे, कारण चिताऱ्याचा मुख्य धंदा खेळण्यांचा नव्हताच. लग्नाचे रंगीत पाट, चौरंग, पाळणे, मखरे आणि पालख्या हे त्याचे खरे उत्पन्न होते, आणि खेळणी त्या कामाच्या उरल्या लाकडातून व उरल्या वेळातून निपजत. जेथे देवळे आणि लग्नविधी टिकले तेथे चिताऱ्याला गिऱ्हाईक टिकले, आणि त्याच्या गाठोड्यातून खेळणीही आली.

ज्यांच्या कारकिर्दीत पेडणे सावंतवाडीपासून तुटले, त्याच खेम सावंत तिसऱ्यांच्या दरबारात गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेल्या गोल पत्त्यांचा खेळ, तेलंगणातून आलेल्या विद्वानांमुळे रुजला, अशी परंपरा सांगितली जाते. दशावतारी गंजिफाच्या एका संचात 120 पत्ते असतात. कापडावर चिंचोक्याची खळ आणि खडूचा लेप चढवून, तो दगडाने घोटून, त्यावर चित्र काढून वर लाखेचा हात दिला जातो. सपाट पृष्ठभागावरचे हे कौशल्य आणि गोल लाकडावर लाख चढवण्याचे कौशल्य सावंतवाडीच्या चितार आळीत शेजारी शेजारी वाढले. विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झालेल्या इम्पीरियल गॅझेटिअरमध्ये सावंतवाडी संस्थानाच्या प्रमुख उद्योगांत लाखकामाची खेळणी आणि पत्ते यांचा उल्लेख गव्याच्या शिंगांवरील कोरीवकाम आणि वाळ्याचे पंखे यांच्या बरोबरीने आला आहे; म्हणजे त्या काळी हा धंदा संस्थानाची ओळख ठरण्याइतका मोठा झाला होता.

सीमा आखली गेली तरी माल थांबला नाही. पोर्तुगाल आणि ब्रिटन यांच्यातील 1878 च्या करारामुळे गोवा आणि ब्रिटिश हिंदुस्थान यांच्यातील जकातीच्या भिंती काही काळ दूर झाल्या. हा करार 1892 मध्ये संपुष्टात आला आणि नाकी पुन्हा उभी राहिली. बांदा, सातार्डा, आरोंदा या बाजूंनी पेडण्यात आणि दोडामार्गाच्या बाजूने डिचोलीत उतरणारी वाहतूक ही पायवाटा, बैलगाड्या आणि होड्या यांची होती, आणि वजनाला हलकी, जागा कमी अडवणारी खेळणी फेरीवाल्याला सोयीची होती. त्यांची विक्री आठवड्याच्या बाजारांत आणि विशेषतः फेरीत, म्हणजे देवाच्या उत्सवानिमित्त भरणाऱ्या तात्पुरत्या बाजारात, होई: कोजागरीला पेडण्यात भरणारी पुनव, वैशाखात डिचोली तालुक्यातील शिरगावच्या लईराई देवीची जत्रा, म्हापशाचा शुक्रवारचा बाजार. डिचोलीच्या कुंभारांची मातीची बोळकी आणि सावंतवाडीची लाकडी भातुकली एकाच पालावर मांडलेली असणे या व्यवहारात स्वाभाविक होते.

या ओघात पडलेला खरा खंड 1954 ते 1961 या काळातला आहे. गोवा मुक्तिसंग्रामाच्या त्या वर्षांत भारताने आर्थिक नाकेबंदी केली, 15 ऑगस्ट 1955 रोजी पेडणे तालुक्याच्या सीमेवर पत्रादेवी येथे निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळीबार झाला, आणि पिढ्यान्‌पिढ्या खुला असलेला रस्ता बंदुकीच्या पहाऱ्यात गेला. त्याच दशकात डिचोली परिसरातील लोहखनिज मोठ्या प्रमाणावर जपानला जाऊ लागले आणि त्या पैशावर परदेशी वस्तू गोव्याच्या दुकानांत आल्या. त्यामुळे त्या सहा-सात वर्षांत गोव्यात विकत घेतले गेलेले म्हणून दाखवले जाणारे लाकडी खेळणे सावंतवाडीचे असण्याचा संभव कमी होतो, आणि ते सासष्टीतील कुंकळ्ळीसारख्या, चिताऱ्यांची स्वतंत्र परंपरा असलेल्या गोमंतकीय गावचे असू शकेल, ही शक्यता आधी तपासावी लागते. संग्राहक सरसकट ‘सावंतवाडी’ म्हणून जी चिठ्ठी लावतात ती या कारणाने अपुरी आहे.

आता वस्तूकडे वळता येईल. चितारी खेळण्यासाठी पांगारा हे हलके, मऊ लाकूड विशेष वापरले जाते आणि जड कामासाठी आंबा. लाकूड पुरते वाळवून लेथवर, म्हणजे दोन टोकांत धरून गरगर फिरवणाऱ्या यंत्रावर, पटाशीने कातले जाते. पूर्वी हे यंत्र दोरीच्या ओढीने फिरत असे आणि ओढणारा व कातणारा अशी दोन माणसे लागत. फिरत्या लाकडावर रंगीत लाखेची कांडी दाबली की घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून पृष्ठभागावर पसरते, आणि केवड्याच्या पानाने घोटल्यावर तिला चकाकी येते. विमानाचा धड हा भाग या यंत्राला फार अनुकूल आहे, कारण टोकाकडे निमुळता होत जाणारा गोल दंड ही लेथची अगदी सहज निघणारी आकृती होय. पंख आणि शेपूट मात्र फळीतून करवतीने कापून धडात पाडलेल्या खाचांत बसवावे लागतात. पंख्याचे विमान करायचे तर नाकावर वेगळे पाते खिळ्याने अडकवावे लागते आणि मुलांच्या हाती तेच प्रथम तुटते. जेट विमानाला ते लागतच नाही. जेटचा आकार खेळण्यांच्या फळीवर झपाट्याने स्थिरावण्यामागे आधुनिकतेच्या आकर्षणाइतकीच ही कारागिराची सोय असली पाहिजे.

आकारावरून वयाची पूर्वमर्यादा, म्हणजे ज्याच्या आधीची ती वस्तू असूच शकत नाही असे वर्ष, काढता येते. गोव्यात दाबोळीचा विमानतळ 1955 मध्ये सुरू झाला, परंतु तेथून उडणारी पोर्तुगीज भारताच्या विमानसेवेची विमाने पंख्यांची होती. 18 डिसेंबर 1961 रोजी भारतीय हवाई दलाच्या कॅनबेरा जेट विमानांनी दाबोळीची धावपट्टी आणि हंटर विमानांनी बांबोळीचे बिनतारी केंद्र निकामी केले, तेव्हा जेटचा आवाज गोव्याच्या युद्धभूमीवर ऐकू आला. भारतीय प्रवासी वाहतुकीत एअर इंडियाचे बोइंग 707 हे 1960 मध्ये, शेपटीजवळ इंजिने असलेले इंडियन एअरलाइन्सचे कॅरावेल 1964 मध्ये आणि पुढच्या भागावर उंचवटा असलेले बोइंग 747 हे 1971 मध्ये आले. नौदलाची सी हॅरियर 1983 च्या डिसेंबरात दाबोळीस उतरली. मागे झुकलेले पंख, शेपटीलगतची दोन इंजिने, धडाच्या पुढच्या भागावरचा उंचवटा यांपैकी जे लक्षण खेळण्यात दिसते त्यावरून त्याची पूर्वमर्यादा ठरते. उत्तरमर्यादा मात्र अशी निघत नाही, कारण एकदा हाताला बसलेला नमुना कारागीर वीस-पंचवीस वर्षे सोडत नाही, आणि मूळ विमान सेवेतून गेल्यावरही त्याचे लाकडी रूप जत्रेत विकले जात राहते.

ती उणीव रंग भरून काढतो. जुन्या कामात हिंगूळ, हरताळ, नीळ आणि काजळी हे रंग लाखेत मिसळलेले असतात आणि रंग व चकाकी हा एकच थर असतो. नंतरच्या कामात डब्यातला तयार तैलरंग ब्रशने दिलेला असतो, त्याच्या कडेला ओघळ आणि केसांच्या रेषा दिसतात. भारतात पॉलिस्टायरिनचे उत्पादन 1957 मध्ये सुरू झाले, आणि त्यानंतरच्या दोन दशकांत स्वस्त प्लॅस्टिकची खेळणी फेऱ्यांत पोहोचली तेव्हा त्यांच्या किमतीशी स्पर्धा करताना लाकडी खेळण्याला वेळखाऊ लाख परवडेनाशी झाली. त्याच काळात सावंतवाडीत तेथील राजघराण्यातील शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी मोजक्याच वृद्ध हातांत उरलेली गंजिफाची विद्या स्वतः शिकून राजवाड्यात कारागिरांना काम दिले. 1970 च्या दशकातील हा प्रयत्न झाला नसता तर आज तुलनेसाठी जुन्या पद्धतीचा जिवंत नमुना राहिला नसता, आणि म्हणून या दांपत्याचे ऋण खेळण्यांच्या अभ्यासकांवरही आहे.

पिवळेपणाचा वाद येथे पुनःपुन्हा रंगवण्याच्या रूपाने उभा राहतो, आणि येथे तो अधिक गंभीर आहे. लाख दमट हवेत पांढुरकी पडते, कोकणच्या चार महिन्यांच्या पावसात तर हटकून, आणि मद्यार्कात विरघळते; त्यामुळे स्पिरिटने पुसलेले खेळणे आपला जुना थर क्षणात गमावते. विक्रीसाठी किंवा नातवंडांसाठी नवा तैलरंग दिला की खालची लाख, तिच्यातले खनिज रंग आणि त्यांच्यासह वयाचा पुरावाही झाकला जातो. प्लॅस्टिकची वीट पेरॉक्साइडने उजळली तरी तिचा साचा आणि क्रमांक राहतो, येथे मात्र पृष्ठभाग हाच दस्तऐवज आहे. म्हणून जुने चितारी खेळणे रंगवू नये, या पक्षाचेच म्हणणे ग्राह्य धरले पाहिजे, मग ते कितीही मळके दिसो.

केंद्र सरकारचा खेळण्यांच्या गुणवत्तेविषयीचा आदेश 1 जानेवारी 2021 पासून लागू झाला तेव्हा नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट देण्यात आली, त्यामुळे नव्या कामाचा मार्ग मोकळा राहिला. पेडणे तालुक्यातच मोपा येथे मनोहर आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन 11 डिसेंबर 2022 रोजी झाले आणि 5 जानेवारी 2023 पासून तेथून उड्डाणे सुरू झाली; तेव्हा येत्या काळात चितारी विमानाला येथे गिऱ्हाईक लाभण्यास हरकत नाही. जुन्या कामाची नोंद मात्र सरकारी आदेशाने होणार नाही. पेडणे आणि डिचोली येथील ज्या घरांत असे एखादे विमान, पांगुळगाडा किंवा भातुकलीचा डबा असेल, त्यांनी तो धुऊ नये, रंगवू नये. तो कोणत्या फेरीत, साधारण कोणत्या वर्षी, घरातील कोणत्या मुलासाठी घेतला गेला, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारून एका कागदावर लिहावे आणि तो कागद त्या वस्तूबरोबरच ठेवावा.