शनिवारवाड्यातील चित्रशाळा व तैलरंगातील व्यक्तिचित्रण

पेशवेकालीन पुण्यात पाश्चात्त्य पद्धतीचे चित्रकला-शिक्षण सुरू झाले, हा उल्लेख महाराष्ट्राच्या कलेतिहासात वारंवार येतो. त्यातून नेमके काय आत्मसात झाले, याची चिकित्सा मात्र क्वचितच होते.

इंग्रज रेसिडेंट चार्ल्स मॅलेट याच्या प्रेरणेने शनिवारवाड्यात चित्रशाळा निघाली. स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स १७९१ मध्ये मुंबईस व पुढील वर्षी पुण्यास आला. सवाई माधवराव, नाना फडणवीस व महादजी शिंदे यांची तैलचित्रे त्याने रंगविली.

चेहऱ्यावरील उजेड कोठे संपतो आणि सावली कोठे सुरू होते हे डोळ्यांस कळू नये, हे अशा चित्रणाचे मर्म होय. तेलात कालविलेला रंग सावकाश वाळतो. त्यामुळे कॅनव्हासवर शेजारच्या दोन ओल्या छटा मऊ, कोरड्या कुंचल्याने एकमेकींत विरघळविता येतात. वाड्यांच्या भिंती वा पोथ्या रंगविणाऱ्या चित्रकाराचा रंग पाण्यातला, लगेच वाळणारा. गोलाई दाखविण्यासाठी त्याला बारीक ठिपके व रेघा भराव्या लागत. आकृतीचा आधार रेषाच राही. वेल्सच्या पद्धतीने शिकायचे तर हा आधार सोडणे भाग होते, आणि घडलेल्या हाताला तेच सर्वांत कठीण.

गंगाराम चिंतामण तांबट हा त्या काळातील पुण्याचा सर्वांत परिचित चित्रकार. (आडनावावरून घराण्याचा व्यवसाय तांब्याच्या भांड्यांचा असावा.) मॅलेट व वेल्स यांच्यासाठी त्याने वेरूळची लेणी, गेंडा, पहिलवान यांची चित्रे काढली. त्यांत छायाप्रकाश आहे, देहाला घनताही आली आहे; परंतु ती प्रामुख्याने कागदावरील आहेत आणि बाह्यरेषा ठाम आहे. कॅनव्हासवरील व्यक्तिचित्रण पुण्यात रुजले, असे त्यांवरून म्हणता येत नाही. या शाळेस तैलचित्रणाच्या स्थानिक परंपरेचा उगम मानणे म्हणूनच अतिशयोक्तीचे ठरते.

काळही अपुरा पडला. ऑक्टोबर १७९५ मध्ये सवाई माधवराव व पुढच्याच महिन्यात वेल्स मृत्यू पावले. काही वर्षांतच मॅलेटही मायदेशी परतला. १७९० च्या तहाचे भव्य दरबारचित्र वेल्सच्या रेखाटनांचा आधार घेऊन अखेर थॉमस डॅनियलने १८०५ मध्ये इंग्लंडमध्ये पूर्ण केले. पुण्यातील कोणा शिष्याच्या हाती ते आले नाही. मराठी विद्यार्थ्यांना अशा शिक्षणाची स्थिर संस्था मिळाली ती मुंबईत, १८५७ मध्ये सुरू झालेल्या जे. जे. कलाशाळेच्या रूपाने. गंगारामाची अनेक चित्रे आज अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या ब्रिटिश कला केंद्रात आहेत.