पाव आण्याचे कार्ड आणि मायना

१ जुलै १८७९ रोजी भारतात पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. परळ-लालबागच्या गिरणी कामगाराची खुशाली त्यावरून कोकणात जाऊ लागली. अक्षर बहुधा दुसऱ्याचे असे. कार्ड उघडे, म्हणून मनातले लिहिणे अवघड. आधार मायन्याचा! वडिलांना ‘तीर्थरूप’, धाकट्यांना ‘चिरंजीव’, विधवेला ‘गंगाभागीरथी’ (पत्रातही वैधव्य सुटत नसे). मग क्षेमकुशल, ‘पत्रास कारण की’, शेवटी ‘कळावे’. मात्र मृत्यूची वार्ता असली, की माथ्यावर ‘श्री’ नसे आणि कार्डाचा कोपरा फाडलेला असे. अक्षरओळख नसलेल्या घरात असे कार्ड हाती पडताच, वाचणारा येण्यापूर्वीच, रडारड सुरू होई.